गळती

नंबर मी 'पाणी खातं तक्रार' या नावानं सेव्ह केलाय.
चौकीत फोन वाजला की परब डोकावतो,
बोलतो, घाडी, तुलाच कसल्या रे तक्रारी?
मी बोलतो, गळती आहे. जुनी.
आणि फोन घेऊन टाकीच्या मागे जातो.

तिचं नाव हेमांगी. आडनाव सांगत नाही,
मीही पहिल्यांदा माझं खोटंच सांगितलेलं.
गुरुवारी, सात चाळीसला.
पहिल्या दिवशी तिने विचारलं, काय सोडायचंय?
सिगरेट. डॉक्टरने छातीचा फोटो दाखवलाय.
आणि दारू?
दारूचं मी विचारलंय का तुम्हाला?
ती गप्प. तिच्या मागे कोणीतरी
दुसऱ्या कुणाला तरी कन्नडमध्ये हेच समजावत होतं.
मग मीच बोललो,
क्वार्टर उघडली की हात आपोआप खिशात जातो, मॅडम.
दोघी एकाच चाळीत राहतात. एकीला हाक मारली
की दुसरी खिडकीत येते.

मग दोघींशी बोलू, ती बोलली.

सिगरेट एका तारखेला बंद. दारू उतरवत न्यायची.
सकाळी हात थरथरतात का, घाम फुटतो का,
नीट विचारून घेतलं तिने. तसं असेल
तर आधी डॉक्टर, मग मी.
हे मला समजवायला नको होतं.
सव्वीस वर्षं असल्फ्याच्या चढावर
लोकांचं पाणी सोडतोय, बंद करतोय.
भरल्या लायनीचा व्हॉल्व्ह एकदम आवळलात
तर पाइप आतून दणका देतो,
आणि खाली कुठेतरी, भलत्याच गल्लीत,
जोड उखडतो.

तिसऱ्या गुरुवारी: पेग केवढा?
आपला नेहमीचा.
नेहमीचा म्हणजे किती? मोजून बघा. पाण्याने.
हसलो मी. रात्री मात्र, सुगंधा झोपल्यावर,
खोकल्याच्या बाटलीचं झाकण घेतलं, दहा मिलीचं,
आणि स्टीलच्या त्या ग्लासात ओतत गेलो
पोचा पडलाय तिथपर्यंत.
अकरा झाकणं.
ह्याला मी एक बोलायचो. रोज असे दोन.
अर्ध्या वॉर्डाला मिनिटावर पाणी देणारा माणूस,
स्वतःचा ग्लास कधी मोजला नव्हता.
सुगंधा झोपली नव्हती.
अंधारातून बोलली, अकरा.

तलफ येते तशी जाते, हेमांगी सांगते,
पाच-सात मिनिटं धरून ठेवा.
मी पहाटे चार दहाला धरतो.
चावी खाली सोडतो, ती चौकोनावर बसते,
आडव्या दांडीला छाती लावतो.
बेचाळीस फेरे.
पूर्वी विसाव्या फेऱ्याला ओठात असायची,
आता विसाव्याला शिवी असते.
तिसाव्याला रस्त्याच्या पोटात पाणी घुमायला लागतं.
बेचाळिसाव्याला ती कधी गेलेली असते, कधी नसते.
नसली गेलेली
तर पुढच्या गल्लीचा व्हॉल्व्ह आहेच.

सहाव्या गुरुवारी फोन उचलला नाही.
सावळारामच्या बाराव्याला तीन ओढल्या होत्या,
ग्लास कुणी मोजला नव्हता.
वाजून थांबला. परत वाजला.
परब बोलला, उचल की, सरकारी तक्रार आहे.
उचलला. तीन, बोललो. आणि ग्लास माहीत नाही.
आता ओरडेल म्हणून कान थोडा लांब धरला.
त्याच्या आधी किती दिवस नव्हती?
एकोणीस.
मग ते एकोणीस कुठे गेले नाहीत, ती बोलली,
आणि सावळाराम कोण, ते विचारलं.
टाकीच्या मागे बसून मी तिला सांगितलं.
वीस मिनिटं. चावी कशी धरायची
ते मला त्यानेच शिकवलेलं.

आता दोनच फोन उरलेत. नंतर वाटलं तर मी करायचा.
नाव बदललेलं नाही, तक्रारच ठेवलंय.

काल रात्री ग्लास घेतला, दिवा न लावता.
सहा झाकणं ओतली. बाटलीला बूच लावलं.
खाटेवरून काहीच आवाज नाही.
मग, मी अर्धा घोट घेतल्यावर:
सहाच?